थरथरणारा बाण

मंगळवार, सायंकाळ

शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा आज शेवटचा दिवस. तो कसा भरायचा हे सांगायला सरांनी मला वर्गात उभे केले, तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता. म्हणून काल घरी बोलत बोलत स्क्रीनचे रेकॉर्डिंग केले आणि लिंक फक्त कामतघरच्या माझ्या मैत्रिणीला, नसरीनला पाठवली. स्क्रीनवरचा माउसचा बाण किती थरथरत होता!

आज तिचा फोन आला. "माझा अर्ज भरला गं! लिंक अंबाडीच्या मावसबहिणीला पाठवली, तिचापण झाला. यार, तुझा बाण कापतो किती! पण थांबतो बरोबर जागेवर."

अंबाडीला मी कधी गेलेही नाही. तिथे एका अनोळखी मुलीला शेवटपर्यंत समजावणारा तो आवाज खरोखर माझाच?

आता पुन्हा पाहिले. बाण थरथरतो. आणि थांबतो.