फोटो काढताना कुणाकडे पाहायचं

बाबूजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता फोटो काढायला फोटोवाला लागत नाही. हे ऐकून तुम्ही आधी हसला असता आणि मग दोन दिवस नीट जेवला नसता. आता ज्याच्या खिशात मोबाईल, तो फोटोवाला. माझ्या मोबाईलात तुमच्या नातीचे इतके फोटो आहेत की तुमच्या स्टुडिओच्या चारही भिंती झाकून वर समोरचा पानठेलाही झाकला जाईल. त्यातला एकही तिच्यासारखा नाही. हे कुणाला विचारायचीही सोय नाही, कारण वणीत मला अजून फोटोवाल्याचा पोरगा म्हणूनच ओळखतात. म्हणून तुम्हालाच लिहायला बसलो.

पोरगी अकरा वर्षांची झाली. जून लागला की नागपूरला हॉस्टेलच्या शाळेत जाणार. तिथे मोबाईल चालत नाही, भेट सुट्टीतच. मागे घरात भिंतीवर लावायला तिचा एक फोटो असावा, एवढीच माझी हाव. पण मोबाईल वर केला रे केला की तिची दोन बोटं उठतात, मान तिरपी होते, ओठांचं बदक होतं. हे तोंड तिचं नाही. ते अलीकडे सगळ्या पोरींना गणवेशासारखं वाटून दिलेलं दिसतं. मग मी मोबाईलवरच एक व्हिडिओ पाहिला, ‘मुलांचे सुंदर फोटो कसे काढाल’. शिकवणारा पोरगा स्वतः अजून मूलच वाटत होता. तो म्हणाला, खिडकीतून येणाऱ्या मंद उजेडात बसवा. बाबूजी, मे महिन्यात आपल्याकडे खिडकीतून उजेड येतो का? खिडकीत कूलर असतो. तो म्हणाला, मुलांच्या उंचीवर या. मी फरशीवर पालथा पडलो. बायको दारातून म्हणाली, “कंबर धरली तं मले आवाज देऊ नका.” शेवटी मोबाईलने स्वतःच्या अकलेने पोरीला गोरीपान केली, तिची एक वेणी पुसून टाकली आणि मागचा कूलर धुक्यात घातला. पोरीने स्क्रीन पाहिली. “पप्पा, ही कोण आहे?” मग म्हणाली, “तुम्ही माझ्याकडे पाहतच नाही. मोबाईलकडेच पाहून राह्यले.”

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. माझ्याच तोंडून.

तुमचा स्टुडिओ मला आजही समोर दिसतो. बाहेरून कोळशाचे ट्रक जाताहेत, आत पडद्यावर निळं तळं आणि त्यात दोन हंस. कोळशाची धूळ हंसांवर बसते, तुम्ही दर रविवारी ओल्या फडक्याने आभाळ पुसता, आणि दरवर्षी आभाळ थोडं थोडं फिकं होत जातं. शेल्फावर पावडरचा डबा, कंगवा आणि कुणाच्याही गळ्यात बसणारा एक टाय. मला वाढदिवसाला त्या तळ्यासमोर स्टुलावर बसवलेलं. तुम्ही कॅमेऱ्याच्या बाजूला उभे, हातात वायरीचा खटका, आणि नजर भलतीकडेच. मी म्हणतो, “बाबूजी, तुम्ही माझ्याकडे पाहतच नाही.” तुम्ही म्हणता, “चूप बस बे. हालला तं रोल तुया बापाचा जाते.” माझा बाप म्हणजे तुम्हीच, पण हे तुमच्या लक्षात आणून देण्याची हिंमत घरात फक्त आईची. ती तुमच्या बाजूलाच, कॅमेऱ्याला खेटून उभी असायची. तुम्हीच तिला तिथे उभी करायचात.

नुसत्या तिलाच नव्हे. मूल कुणाचंही असो, त्याच्या आईला तुम्ही कॅमेऱ्याशेजारी उभं करायचात आणि खटका दाबेपर्यंत टक लावून त्या बाईकडेच पाहायचात. या सवयीपायी तुम्ही एकदा मार खाता खाता वाचलात. मी तेव्हा दहाएक वर्षांचा असेन. बंजाऱ्यांच्या तांड्यावरून एक जोडपं आलं होतं, पोराचा पहिला फोटो काढायला. पोरगं तुमच्या कॅमेऱ्याला वाघ समजून “याडी, याडी” करत आईसाठी रडत होतं. तुम्ही याडीला जागेवर उभी केली. तिच्या ओढणीच्या आरशांचे कवडसे पडद्यावरच्या हंसांवर नाचायला लागले, पोरगं रडता रडता ते पाहायला लागलं, आणि तुम्ही तिच्या तोंडाकडे पाहत उभे. तिचा नवरा पुढे आला. “ओ फोटोवाले! फोटो पोराचा काढून राह्यले का बाईचा? तुमची नजर तं इकडंच हाय!” मी पावडरचा डबा घट्ट धरला. तुम्ही मानही न वळवता म्हणालात, “पोराचाच काढून राह्यलो भाऊ. पोरगं हासनार हे तुले अन् मले मागून समजते. त्याच्या मायले आंधी समजते. तिचं तोंड फुललं का म्या दाबतो.” आणि दाबलंत.

फोटो न्यायला आला तेव्हा तो माणूस आणखी एक प्रत मागून गेला. मला मात्र वाटलं, काय बेमालूम थाप मारली बाबूजींनी! मार चुकवायला तोंडावर आलेलं उत्तर, एवढीच मी त्याची किंमत केली.

मी नववीत असताना आई गेली. त्यानंतर तुम्ही माझा एकही फोटो काढला नाही. दहावीच्या फॉर्मला फोटो लागला तेव्हा तुम्ही मला समोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या स्टुडिओत पाठवलंत. तुमच्या वैऱ्याकडे! मला स्टुलावर बसवताना तो म्हणाला, “काहून रे, बापाचा कॅमेरा मेला काय?” सारा बाजार हसला. पुढे मी तो किस्सा कुठल्याही मैफलीत सांगायचो, हलवाई आपली मिठाई खात नाही म्हणून, आणि लोक पोट धरून हसायचे. पण हसवून झालं की घरी येताना तो किस्सा घशात खडीसाखरेसारखा अडकायचा. खडीसाखर निदान विरघळते.

परवा संध्याकाळी मी हार मानली. मोबाईल नुसता छातीशी धरून अंगणात उभा होतो. पोरगी पाईपने कूलरमध्ये पाणी भरत होती आणि आईला माझी नक्कल करून दाखवत होती. पप्पा फरशीवर कसे पडतात, एक डोळा कसा मिटतात, उठताना “आई गं” कसं म्हणतात. ही खोड तिला माझ्याकडूनच मिळाली, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. मोबाईलचा कॅमेरा चालूच होता, तोंड पोरीकडे; माझी मान मात्र दाराकडे वळलेली, म्हणून मला दिसत होती ती बायको. ती दारात उभी, पदर तोंडाशी. डोळे आधी हसले, मग गाल, आणि सगळं तोंड फुलून येणार एवढ्यात माझा अंगठा आपोआप दाबला गेला. मी मोबाईलकडे पाहिलं नव्हतं. पोरीकडेही नाही. बायको म्हणाली, “असे काय पाहून राह्यले? तोंडाले काही लागलं काय?” मी म्हटलं, “हो, आंब्याचा रस.” तिने पदराने तोंड पुसलं.

फोटो जरासा हललाय. कूलर अर्धा कापला गेलाय, पाईपचं पाणी भलतीकडेच उडतंय. पण एक डोळा मिटून, जीभ बाहेर काढून जी उभी आहे, ती माझी पोरगी आहे. अगदी तीच.

बाबूजी, हा फोटो पाहिला आणि दहावीचा तो किस्सा मला पुन्हा कुणाला सांगता येणार नाही हे कळलं. तुम्ही मला वैऱ्याकडे पाठवलंत, कारण तुमच्या कॅमेऱ्याच्या शेजारची जागा रिकामी झाली होती. माझा फोटो काढायला तुम्ही पाहणार तरी कुणाकडे? माझा सहाव्या वाढदिवसाचा एक फोटो आहे, दात पडलेल्या तोंडाने हसतानाचा. तो घेताना तुमची नजर कुठे होती, हे मला इतकी वर्षं माहीत होतं. तरी मला ते आत्ता कळलं.

फोटोची प्रत काढून आणली. भिंतीला खिळा ठोकलाय. पोरगी म्हणते, “हा नको पप्पा, यात मी वेडी दिसते.” मी ऐकणार नाही. हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून ते इथेच राहील. फक्त एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवतो, घरात सांगितलेली नाही. बायकोच्या तोंडाला काहीच लागलेलं नव्हतं.