दोन्हीकडे सिंह

प्रिय ऋजू,

पत्र बघून दचकू नकोस. आम्ही सगळे धडधाकट आहोत, तुझ्या बाबांची शुगरसुद्धा. कुरिअरवाला शुक्रवारी नक्की पोचेल म्हणालाय. म्हणजे तुझ्या हातात शनिवारचा दिवस उरतो, कारण रविवारी सकाळी टेम्पो येणार आहे आणि विजया समोरचा फ्लॅट सोडून बंगळूरला मुलाकडे जाणार आहे. तुझी विजयामामी. नुसती जात नाहीये, चोर ठरून जाते आहे, आणि तिला चोर ठरवलंय तुझ्या सख्ख्या भावानं. तुझ्याकडून मला एक गोष्ट हवी आहे. काय ते अगदी शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर पुढचं न वाचता तू फोन उचलशील, तुझा स्वभाव मला नवा नाही. आणि मला फोन करून काही उपयोग नाही. का, तेही कळेल.

अनिकेतचं नाण्यांचं वेड तुला माहीत आहे, पण ते कुठवर गेलंय हे माहीत नाही. पूर्वी फक्त सुट्टे चाळायचा, शेअर ऑटोवाल्याने दिलेले, फुलवालीने दिलेले. आता दर शनिवारी नोटा घेऊन बँकेत जातो आणि नाण्यांच्या सीलबंद पिशव्या घेऊन येतो. हॉलमध्ये जुनी चादर अंथरायची, पिशवी ओतायची, एकेक नाणं दोन्हीकडून बघायचं. टाकसाळीच्या हातून चुकून सुटलेलं नाणं त्याला हवं असतं, ठसा सरकलेलं, कड कातरलेलं. उरलेली सगळी नाणी सोमवारी दुसऱ्या बँकेत भरायची. बाबा म्हणतात, याला दोन्ही बँकांनी पगार द्यायला हवा. मी आणि विजयाही बसायचो मदतीला, तांदूळ निवडायला बसावं तशा. या तमिळ मुलखात, वेलचेरीत माझ्याशी मराठी बोलणारी ती एकटी. तिचं मराठी तंजावरचं, जुनंपानं, त्यात तमिळचे हेल. मी काहीही सांगितलं की 'सरी, अक्का', म्हणजे 'बरं, ताई', म्हणणार आणि तिला पटत नसेल तिथे सरळ हसणार. खरं सांगते, सांगली सोडून इथे आल्यावर मी वेडी झाले नाही ती तिच्यामुळे.

ते नाणं तिच्याच बोटाला लागलं. बघितलंही नव्हतं तिने, नुसतं चाचपून म्हणाली की हे काहीतरी निराळं आहे. पाच रुपयांचं नाणं. एका बाजूला सिंह. उलटं केलं की पाचचा आकडा असायला हवा ना? तिथेही सिंहच, पण आत दबलेला, पिठावर शिक्का मारावा तसा. छापताना आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं की असं होतं म्हणे. अनिकेतने ते भिंगाखाली धरून पुन्हापुन्हा उलटंसुलटं करून बघितलं. मग विजयामामींना धरून गरागरा फिरवलं त्याने, मी ओरडले, अरे तिचे गुडघे! किती दिवसांनी इतका हसला होता. नाण्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला, एग्मोरच्या एका हॉटेलात प्रदर्शन होतं तिथे जागा मागून ठेवली. तेवढंच एक स्वप्न उरलंय त्याला. लग्नाचं नाव काढलं की चिडतो, कंपनीत बढती हुकली त्याबद्दल बोलत नाही, पण या नाण्याबद्दल रात्रंदिवस बोलायचा.

पुढचं तुला आठवत असेल, तू होतीस. खंडेनवमीला इथे सगळीकडे आयुधपूजा. रिक्षांना हार, लिफ्टला कुंकू. आपल्याकडेही अनिकेतने त्याचं भिंग, तो छोटा वजनकाटा आणि ते नाणं पाटावरच्या ताम्हनात मांडलं. विड्यासाठी ठेवलेले सुट्टे पण त्याच ताम्हनात होते. हळदकुंकू, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, सगळ्याचा काला झालेला. त्याच दिवशी तुझी एग्मोरहून गाडी होती. तुझी डब्यांची पिशवी, रिक्षा येईना, बाबा चष्मा शोधताहेत, नुसता गोंधळ. दसऱ्याला सकाळी अनिकेतने ताम्हन उचललं आणि त्यात नाणं नव्हतं.

घर उलटंपालटं केलं आम्ही. निर्माल्य निवडलं, केरसुणीच्या काड्या सुद्धा मोकळ्या केल्या. तुला कळवलं नाही, कारण गेल्या वर्षी जे झालं त्यानंतर तुझ्या जिवाला कसलाच घोर नको असं मी ठरवलंय, आणि दिवाळीत तू गोड बातमी दिलीस तेव्हा तर अनिकेतलाही दटावलं की बहिणीला एक अक्षर बोलायचं नाही. प्रदर्शन झालं, त्याची जागा रिकामी राहिली. ग्रुपवरच्या लोकांनी फोटो बनावट होता म्हणून टर उडवली. आणि मग त्याच्या डोक्यात आलं की त्या दिवशी घरात बाहेरचं असं एकच माणूस येऊन गेलं होतं. तोंडाने चोर म्हणाला नाही तो. एवढंच म्हणाला की मामी, तुमच्या पदराला लागून गेलं का बघा ना जरा, तुम्हाला त्याची किंमत ठाऊक होती. अगं, तो असं म्हणाला आणि तिने खरंच उभं राहून पदर झटकून दाखवला. मला तोंडात मारल्यासारखं झालं. पुढच्या शनिवारी त्याने हॉलमध्ये शोकेसवर एक बारकासा कॅमेरा बसवला, ऑफिसात बसून फोनवर घर बघता येतं तो. विजया कापीची, म्हणजे कॉफीची, वाटी परत द्यायला आली, वर बघितलं, वाटी टीपॉयवर ठेवली आणि गेली. त्यानंतर तिने आपला उंबरा ओलांडलेला नाही.

मी अनिकेतशी भांडले, कॅमेऱ्यावर फडकं टाकलं, त्याने ते काढलं. पण तुला खोटं कशाला सांगू, मनात खोल कुठेतरी मलाही वाटायचं की मग ही बोलत का नाही? नाही म्हण, रड, मला शिव्या घाल. तर गप्प. समोरासमोर दारं आमची, ती कोलम, दारातली रांगोळी, काढायला वाकली की मी आत पाय घ्यायची. मग तिच्या मुलाचा, वादिराजचा निरोप आला की आईला घेऊन जातोय, आणि माझा जीव टांगणीला लागला. इतक्या वर्षांचं घर, नवरा याच घरात गेला तिचा, ती सोडून जाणारी बाई नव्हे. लिफ्टमध्ये तळमजल्याच्या बायका माझ्याकडे बघून बोलणं थांबवतात. म्हणजे बिल्डिंगभर झालंय.

काल सकाळी मी न राहवून गेले. म्हटलं, भांडी तरी बांधू लागते. पावसाचं पाणी पार्किंगमध्ये शिरलं होतं, लाइट गेलेले, दार उघडंच होतं. ती आत देवाजवळचं आवरत होती. मी समोरची स्टीलची डबी उचलली तर ती एकदम धावली, अय्यो अक्का, ते नको म्हणून. हातातून निसटली माझ्या. हिरवा खण बाहेर आला. ऋजू, तो खण मी ओळखणार नाही? इरकलीचा, लाल काठाचा, गुळेदगुड्डहून मागवलेला, तुझ्या पहिल्या दिवाळीला मीच दिलेला. त्याच्या गाठीत तांदूळ होते, हळकुंड होतं, सुपारी होती. आणि पाच रुपये. हळदीने माखलेले, दोन्हीकडे सिंह.

तू तिची ओटी भरलीस. नवरा जाऊन इतकी वर्षं झालेल्या बाईची, तिच्या देवापुढे, गाडीला निघता निघता, आणि नाण्यासाठी ताम्हनात हात घातलास तो न बघता. खरं सांगू? आधी मी तुझ्यावरच भडकले. हिला कळत कसं नाही, हिची एकदा वाईट वेळ येऊन गेलीय, हिने असलं करावं? हेच आलं माझ्या मनात, आणि ते तोंडावर दिसलं असणार, कारण विजया भिंतीला टेकून उभी राहिली आणि मग सगळं बोलली. गेल्या वर्षी तू ते दुःख घेऊन इथे येऊन पडली होतीस तेव्हा ती रोज तुला रसम-भात भरवायची, मला नाही म्हणायचीस आणि तिच्या हातचं खायचीस. म्हणून तू तिला म्हणालीस की माझ्या दोन आया आहेत, एकीची ओटी भरते, दुसरीची का नको? आणि वर हेही म्हणालीस की आईला सांगू नका, ती घर डोक्यावर घेईल. घर डोक्यावर घेते म्हणे मी! घेतलं असतंच. आमच्या हळदीकुंकवाला ताट तिच्याजवळ आलं की ती स्वतःच उठून आत कापी करायला जायची, मला अवघड वाटू नये म्हणून. आणि मला खरंच अवघड वाटायचं नाही. कापी छान करते, एवढंच वाटायचं.

अनिकेतने पदर झटकायला लावला त्या रात्री तिने गाठ सोडून बघितली आणि तिला कळलं. परत द्यावं तर कुठून आलं ते सांगावं लागणार. वाटेत सापडलं असं खोटं बोलायला ती तयार नाही. मी म्हटलं, अगं, चोर म्हणवून घेतलंस पण तोंड उघडलं नाहीस? तर म्हणाली, तेव्हा लाज वाटली, आणि दिवाळीत ऋजूची बातमी कळली तेव्हापासून भीती वाटते. उद्या देव न करो काही कमीजास्त झालं, तर तिच्या सासरी म्हणतील विधवेची ओटी भरली म्हणून झालं. पोरीला आयुष्यभर ते ऐकावं लागेल. त्यापेक्षा मी चोर बरी. असं म्हणून तिने नाणं माझ्या हातावर ठेवलं, देऊन टाक त्याला, कपाटामागे मिळालं म्हण. मी परत तिच्या खणात बांधलं. ओटीत पडलेलं परत घ्यायचं असतं का कधी? मग तिने माझा हात धरला, देवावर ठेवला आणि मला तुझी शपथ घातली की हे मी कुणाला बोलणार नाही. अनिकेतला नाही, वादिराजला नाही, तुलाही नाही.

तर आता कळलं, फोन का नको? तुझी शपथ आहे, अशा दिवसांत ती मोडायचं धाडस मला होणार नाही, मला तू कितीही हस. बोलायचं नाही म्हणून शब्द दिलाय, तो मी पाळतेय, जिभेवर काही आणलेलं नाही. पण ही बाई रविवारी चोर म्हणून जिना उतरली तर तुझ्या बाळाला आशीर्वाद कुणाचे घेऊ मी? म्हणून लिहिलं. शनिवारी अनिकेत दिवसभर घरी आहे. त्याला फोन कर आणि एवढंच सांग की मामींची ओटी मी भरली, नाणं मी दिलं. तुझ्या सासरी हे पोचेल, सासूबाई दोन शब्द बोलतील, तेव्हा तुझ्या बाजूने मी उभी राहीन, घर डोक्यावर घेऊन. तुला नाही जमलं तरी मी रागावणार नाही, पण मग माझ्या नजरेला नजर कशी देणार ते तू बघ. नाणं मात्र त्याला मिळायचं नाही, ते तिचं आहे, आधी तिच्याच बोटाला लागलं होतं. अनिकेतने कॅमेरा काढायला हात वर केला तर त्याला थांबव, म्हणावं जरा राहू दे. तुझा फोन झाला की मी विजयाला हात धरून हॉलमध्ये आणणार आहे, त्या कॅमेऱ्याच्या समोर पाटावर बसवणार आहे आणि माझ्या हाताने तिची ओटी भरणार आहे. नारळ आणून ठेवलाय.

तुझीच,
आई