काळजाबाबतचे कलम

मी, संध्या पुंडलिक गायके, वय ६८, तत्त्वज्ञानाची निवृत्त प्राध्यापक, राहणार सिडको, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. घरच्यांचे मत वेगळे असू शकते.

१. राहता फ्लॅट व बँकेतली शिल्लक मुलगी प्रेरणा हिला. पुस्तके वाचणार असेल तर तिने ठेवावीत, नसता रद्दीवाल्याला द्यावीत. मला वाईट वाटणार नाही. वाटायला मी नसेन.

२. माझा देह शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. यावरून घरात वाद होईल, म्हणून कारण लिहिते. माझा मुलगा विश्वजीत आठ वर्षांपूर्वी वाळूजच्या रस्त्यावर अपघातात सापडला. डॉक्टरांनी मेंदू मृत झाल्याचे सांगितले. हाताला तो गरम लागत होता. माणूस नेमका कुठे असतो, हा प्रश्न मी वर्षानुवर्षे परीक्षेत दहा गुणांना घालत असे. त्या दिवशी त्याचे उत्तर सही करून द्यायचे होते. मी सही केली. त्याचे हृदय कोणाला तरी बसवले. कोणाला, ते सांगत नाहीत, आणि तेच योग्य आहे.

३. दहाव्याला कायगावच्या घाटावर कावळा पिंडाला शिवेना. बहिणीचे लग्न करू, आईला सांभाळू, अशी सगळी वचने देऊन झाली. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हा माझे थोरले दीर तात्यासाहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "काळीजच देऊन टाकलं हिनं. पोरगं अजून पुरतं गेलंच नाय, मग कावळा शिवंल कसा?" तेव्हापासून आमचे बोलणे बंद होते. मला फार राग आला होता. पुढे वाटले, वर्गात कोणी असा आक्षेप घेतला असता तर मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

४. तात्यासाहेबांना मी काही ठेवलेले नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून लाभ घेता येत नाही, आणि मला त्यांचीच सही हवी आहे. घराण्यात ते थोरले. त्यांची सही असली की माझ्या देहावरून प्रेरणाशी कोणी भांडणार नाही.

५. हे कलम आज वाढवले. तात्यासाहेब गंगापूरहून आले. मसुदा दोनदा वाचला, चहा निवू दिला. मग म्हणाले, "सही करतो. पन दहाव्याला पान मी मांडनार. तुजी काय इच्छा राहिली ते आत्ताच लिहून ठेव. मागल्या बारीसारखं नको." त्यांना कोणी अडवू नये.

इच्छा एकच आहे. विश्वजीतचे काळीज ज्याच्या छातीत आहे, त्याने माझ्यामागे पुष्कळ जगावे. म्हणजे निदान एका हिशेबाने तरी आई मुलाच्या आधी गेली, असे होईल. याचे वचन कोणालाच देता येणार नाही. कावळ्याला नुसते सांगावे.

संध्या पुंडलिक गायके (सही)
छत्रपती संभाजीनगर, १६ नोव्हेंबर २०२५

संध्याबाईंनी आम्हा दोघांसमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर:

१) करुणा कडुबा साळवे, शेजारी (सही)

२) तात्यासाहेब आबाराव गायके, गंगापूर (सही)
सांगीन.