दोघांना चालेल अशी फ्रेम

दादा,

तू अजून झोपलायस म्हणून लिहून ठेवतेय, नाहीतर तोंडावरच बोलले असते.

माझ्या रेसच्या सायकलची फ्रेम तडकली तेव्हा तू म्हणालास, कमी पैशांत चांगली शोधतो, तू फक्त पैसे दे. दिले. आणि तू आणलीस मधल्या मापाची, का तर दोघांना चालेल. काल चाकं चढवून बसून पाहिलं. हँडल धरताना माझी पाठ ताणते आणि तू बसलास की तुझे गुडघे हँडलला आपटतात. धड तुला नाही, धड मला नाही. रंग छान आहे, पण त्याला काय चाटायचंय?

लहानपणी स्वेटर दोघांना चालेल असा, रेनकोटही तसाच, आणि बाह्या लोंबायच्या त्या माझ्याच. आता कमावते मी, शर्यतीत उतरणार मी, तरी मापात तू आहेसच.

आज ही परत देऊन माझ्या मापाची आण. पावती फ्रिजवर ठेवलीय. आईला मध्ये घालू नकोस.

तोवर सरावाला तुझी सायकल नेतेय. सीट पार खाली केलीय आणि ती तशीच राहणार. दोघांना चालेल.

धाकटी