बापाकनी अडवून धरलेला ठोका

कारांगवुनी,
शनिवार, पाहिंगचा बाजारवार

म्बाक रुक्मी,

धाकट्या भावानं तुझ्या गुडघ्यांवर कपाळ टेकवलं आहे असं समज (मनातल्या मनात, मधे समुद्र आहे, आणि माझी कंबर अलीकडे वाकायला फारशी राजी नसते). तू, मास हेंद्रो आणि तुमचं खाणावळीचं दुकान, तिघंही ठणठणीत असाल. आम्ही इथे ठीक. भात पोटरीला आलाय. बापाकचा खोकला गेला, गुडघा आहे तसाच आहे. तू म्हणशील, फोन असताना पत्र कशाला. तर ताई, फोनवर तू ‘काय रे तोवो’ म्हणतेस, मी ‘काही नाही, मजेत’ म्हणतो, आणि मग रेंज जाते. (रेंज मीच घालवतो. बोलायचं घशाशी आलं की मला ते बटण बरं पडतं.)

आधीच सांगून ठेवतो, मला तुझ्याकडे काही मागायचं नाही. गावसाफीच्या सणाला आमच्या संगीतशाळेनं जे काय दिवे लावले ते तुला दुसऱ्या कोणाकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, एवढंच.

शाळा होती तशीच आहे. तोच उघडा मंडप, समोर तीच चिंच. ऊन कललं की मुलं येतात, चपला काढतात, वाद्यांना वळसा घालून आपापल्या जागी बसतात. (वाद्य ओलांडून कोणी गेलं तर बू साकिनेम अजूनही चिमटा काढतात. परवा त्यांनी मला काढला.) गाणं त्याच शिकवतात, तोंडात सोयाबीनचं तळलेलं टेंपे असतं, आणि घास गिळून सूर लावला की शेजारच्या शेतातली बदकंसुद्धा गप्प होतात. मुख्य गुरुजी अजून पाक सुगिमानच, आणि अजूनही ते एक वाक्य धड पुरं करत नाहीत. वाक्य पुरं केलं की समोरच्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं, आणि कोणाला असं कोंडीत पकडणं त्यांच्या अगदी जिवावर येतं. ‘प्रास्तोवो, उद्या जरा लवकर आलात तर...’ म्हणतात आणि चिंचेकडे बघत राहतात. मीही बघतो. कधीकधी आम्ही दोघं इतका वेळ बघतो की मुलं कंटाळून घरी जातात. ढोल माझ्याकडे. म्हणजे कधी सुरू करायचं, कधी वेग धरायचा, कधी आवरायचं, ही खूण माझी. घरात माझं कोणी ऐकत नाही, पण इथे अख्खा गामेलानचा ताफा ऐकतो.

आणि गाँग बापाककडे. शाळेत त्यांना सगळे म्बाह कार्यो म्हणतात. त्यांच्या वर्गात शिकवतात काय, तर थांबायला. बाकीची वाद्यं लांबच लांब फेरी मारून येतात आणि फेरी घरी पोचली की गाँगचा एक ठोका. तोही जरा उशिरा, सगळे आले, टेकले, असं वाटलं की मग. शेवटचा तर आणखी उशिरा, आणि तो पडल्याशिवाय धून संपली असं म्हणायची कोणाची छाती नाही. मुलांच्या आया विचारतात, आज म्हाताऱ्यानं काय शिकवलं? मुलं सांगतात, बसायला. तू त्यांच्या शेजारी बसायचीस आणि ठोका नेहमी अंमळ आधीच हाणायचीस. ‘रुक्मी, तुला कुठे जायचंय?’ म्हणायचे. (मग तू खरंच गेलीस, लग्नाच्या मांडवात विजेवरची बटणांची पेटी वाजवणाऱ्या मास हेंद्रोंबरोबर. बापाक म्हणाले, जे वाद्य बटण दाबून बंद होतं त्याला शेवट कसला. तू म्हणालीस, मग मी या घरात येतच नाही. ते म्हणाले, मी बोलावणारही नाही. दोघांनी शब्द पाळला. आपल्या घराण्याला शब्द पाळायची फार वाईट खोड आहे.)

तर हल्ली बापाक गाँगजवळ डोळे मिटून बसतात. झोपतात की ऐकतात, काही कळायला मार्ग नाही. एकदा घोरण्याचा आवाज आला, पण बेडूकही असू शकेल असं पाक सुगिमान म्हणाले. हळूहळू कुजबुज सुरू झाली की आता म्हाताऱ्याला मोकळं करावं, कोणातरी दणकट माणसाकडे गाँग द्यावा. एक बैठक ठरली. ती भरली मंडपातच, आणि मंडपात त्या वेळी बापाक असतातच, तेव्हा त्यांना उठा म्हणणार कोण? त्यांनाही चहा दिला. मग त्यांच्यासमोरच त्यांना काढायचा विषय निघाला, म्हणजे निघालाच नाही. पाक सुगिमान म्हणाले की म्हातारपणी फरशी फार गार लागत असेल, नाही का, घरी कसं... बू साकिनेम म्हणाल्या की गाँगच्या सोट्याचं डोकं पावसात जड होतं. मी म्हणालो, हो. बापाकनी सगळ्यांकडे प्रेमानं पाहिलं आणि आणखी साखर मागितली.

शेवटी पाक सुगिमाननी उशी आणली. चांगली कापसाची, बाटिकच्या खोळीची. मतलब असा की म्हाताऱ्यानं समजून जावं, उशी घ्यावी आणि घरी ओसरीवर आरामात पडावं. इतकं स्पष्ट बोलणं पाक सुगिमाननी उभ्या जन्मात केलं नव्हतं. त्या दिवशी त्यांना ताप आला. बापाकनी उशी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, आणि दुसऱ्या दिवशी ती गाँगपुढे मांडून तिच्यावर ऐसपैस बसले. ‘आता कसं,’ म्हणाले, ‘कितीही वेळ बसता येईल.’

मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मुलगा आहेस, तूच सांग. सणाचा कार्यक्रम शेवटचा, त्यानंतर पाक सुगिमान आभाराचं भाषण करणार, गळ्यात जाईचा हार, सगळं मानानं. मी सांगितलं, ताई. बाजारातून येताना मोटरसायकलवर सांगितलं. मी पुढे, ते मागे, डोक्यावर हेल्मेट, समोरून वारा आणि बाजूनं ऊस भरलेला ट्रक. ‘बापाक, सणानंतर गाँग दुसऱ्याला देऊ या.’ मागून ‘हं’ असा आवाज आला. तो होकार होता, खोकला होता की खड्डा होता, ते मला आजतागायत ठाऊक नाही. पण शाळेत जाऊन मी सांगितलं, झालं काम. बू साकिनेमनी मला स्वतःच्या पानातलं टेंपे दिलं. त्यांनी असं पूर्वी कधी केलं नव्हतं.

सणाच्या दिवशी काय सुरेख दुपार होती म्हणून सांगू. सगळं गाव झाडलेलं, शिंपलेलं. आपल्या गाँगला, क्याई उदान आरुमना, गुलाबपाकळ्या वाहिलेल्या, उदाची बारीक रेघ वर जात होती आणि वर जाऊन काय करायचं ते विसरत होती. लोक चिंचेखाली चटया टाकून बसले. पुढच्या रांगेत गावप्रमुख, खिशात भाषण. आम्ही ती लांब संथ धून धरली, आई कपडे वाळत घालताना गुणगुणायची ती. फेऱ्या झाल्या, बापाकचे ठोके बरोबर पडले, डोळे मिटलेलेच. मग मी शेवटाची खूण दिली. सगळे हळू झाले, आणखी हळू, हात उचलून थांबले. आता गाँग.

गाँग नाही.

प्रथम सगळ्यांना ते फारच आवडलं. काय थांबले म्हातारबुवा, असं माना हलवून एकमेकांना सांगून झालं. पण थांबणं लांबलं, पाक सुगिमान उचलल्या हातानंच चिंचेकडे बघायला लागले, आणि मला दुसरं काही सुचेना म्हणून मी ढोलावर थाप मारून पुन्हा फेरी सुरू केली. आता गंमत बघ, त्या फेरीचे मधले ठोके बापाकनी अगदी चोख दिले. म्हणजे झोपले नव्हते. पुन्हा मी आवरायची खूण दिली, पुन्हा सगळे हळू झाले, पुन्हा सोटा मांडीवरच. मग माझ्या ध्यानात आलं. त्यांनी ऐकलं होतं. मोटरसायकलवरचं सगळं ऐकलं होतं, आणि हा ठोका पडला की आपण संपलो हे कळून ते धून संपवूच देत नव्हते. आणि ते त्यांना ऐकवणारा मी, जन्मदात्या बापाला पाठमोरा सांगणारा.

बू साकिनेमच्या ओळी संपल्या. त्यांनी त्याच पुन्हा गायल्या, मग जुन्या कोड्यांच्या ओळी घातल्या, आणि मग त्याच सुरात, तितक्याच गोडव्यानं गायल्या की ‘अरे ढोलवाल्या, तुझ्या बापाला झालंय तरी काय, माझं टेंपे परत दे.’ श्रोत्यांनी डोळे मिटून माना डोलावल्या. एका आजींनी डोळे पुसले.

आणि ताई, मग काहीतरी झालं. किती फेऱ्या झाल्या हे मोजायचं आम्ही सोडून दिलं. ऊन भातावरून सरकत सरकत निघून गेलं. लेकरं मांड्यांवर झोपली. गावप्रमुखांच्या हातातलं भाषण खाली पडलं आणि त्यांनी ते उचललं नाही. हात आपोआप चालत होते. मला समोर अंगणात वाळत घातलेले कपडे दिसायला लागले, त्यांच्यामागे आईचे पाय, आणि गाँगशेजारी दोन वेण्यांची तू, सोटा दोन्ही हातांत धरून, आता मारू का, आता मारू का, असं तोंड करून बसलेली. मला वाटलं, असंच चालू दे. कोणी संपवू नका. मला रडू येत होतं आणि ते यायला मला काही हरकत नव्हती.

तेवढ्यात ठोका पडला. मी खूणही दिली नव्हती. तो खोल, गोल आवाज पायांखालून गेला, भातापर्यंत गेला, आणि कितीतरी वेळ कोणी टाळी वाजवली नाही. मग पाक सुगिमान हार घेऊन उठले, घसा साफ केला, म्हणाले, ‘म्बाह कार्योंनी आता इथून पुढे...’ आणि चिंचेकडे बघत राहिले. सगळ्या गावानं वाट पाहिली. ‘...असंच वाजवत राहावं,’ ते म्हणाले. आयुष्यात पुरं केलेलं पहिलं वाक्य, आणि तेही भलतंच. बू साकिनेमनी कपाळावर हात मारला, पण टाळ्या सगळ्यांत जास्त त्यांनीच वाजवल्या.

घरी जाताना मी गाडी सावकाश चालवली. मागून बापाकच बोलले. ‘तू त्या दिवशी वाऱ्यात ओरडलास ते ऐकलं होतं मी. सोटा द्यायला माझी ना नाही, तोवो. पण द्यायचा कोणाला?’ मी वेग आणखी कमी केला. मग थोड्या वेळानं म्हणाले, ‘आज शेवटाला डोळे किलकिले केले, तर चिंचेखाली एक बाई उभी होती. पाठमोरी. निळं काहीतरी नेसलेली, आणि उभं राहायची तऱ्हा थेट तुझ्या बहिणीची, एका पायावर, निघायच्या बेतात. म्हटलं, ठोका दिला की लोक उठणार, गर्दी होणार, ती निघून जाणार. तेव्हा वळेपर्यंत थांबू.’

मी विचारलं, वळली का?

‘वळली,’ म्हणाले. ‘शेंगदाणेवाली होती. मग दिला ठोका.’

रस्ता मला नीट दिसत नव्हता, पण गाडीला पाठ आहे.

असो. पत्र लांबलं. मास हेंद्रोंना माझा नमस्कार, गिऱ्हाइकांना आशीर्वाद. पुन्हा सांगतो, मला काही मागायचं नाही.

तुझा धाकटा,
प्रास्तोवो

ता. क. तुमच्याकडचे ते माशाचे कुरकुरीत गोळे मात्र पाठव. बू साकिनेमचं टेंपे एकदाचं फेडून टाकतो.

ता. क. दुसरा. गोळे टपालानं पाठवू नकोस, चुरा होतो. स्वतः घेऊन ये. भात कापून झाला की पुन्हा कार्यक्रम आहे, आणि पाक सुगिमानना मी तू येतेस असं सांगून बसलोय. त्यांनी ‘मग गाँग त्यांच्याकडेच...’ एवढं म्हटलंय, म्हणजे शाळेचा ठराव झाला. आलीस तर चिंचेखाली उभी राहा, पण तोंड आमच्याकडे करून. नाहीतर या गावाचा कार्यक्रम काही संपायचा नाही.

ता. क. तिसरा. हे सगळं मी मोठ्यानं वाचून बघत होतो. बापाक ओसरीवर उशीवर झोपलेले होते, म्हणजे मला तसं वाटलं. डोळे न उघडता म्हणाले, ‘जावयालाही आणायला सांग. ती बटणांची पेटी आणू नये म्हणावं.’ मी हे लिहून पाकीट चिकटवायला लागलो, तर म्हणाले, ‘थांब. आणली तरी चालेल.’