बारा टेकू

सोमवार, ३

आलो एकदाचा कामावर! जागा झकास. जुनं चार मजली कोठार, आता त्याचं इस्पितळ होणार. जावईबापू इथे मुकादम. त्यांनीच शब्द टाकून मला चिकटवलं. तळमजल्यावरचे मधले खांब एकेक करून काढतायत, आता एकच उरलाय, म्हणून छताला बारा लोखंडी टेकू दिलेत. प्रत्येकाखाली घड्याळासारखी तबकडी. किती टन भार आला ते काटा दाखवतो. दिवसातून तीनदा आकडे कचेरीच्या वहीत उतरवायचे. चौथीपर्यंतची शाळा तेवढ्याला पुरते. फरशी गार आहे, गुडघे धरतात. पण या वयात काम मिळालं हेच खूप. ही वही माझी, मनातलं लिहायला.

मंगळवार, ४

दुपारी पहिला काटा चाळीसवरून सत्तेचाळीसवर गेला नि उतरला. मग दुसरा. मग तिसरा. वरून कुणी सावकाश चालल्यासारखं. सात टनांचं कोण चालणार? वरचे मजले रिकामे. जिन्याला कुलूप, किल्ली माझ्याच कमरेला.

गुरुवार, ६

इंजिनीअर बाईंना आकडे दाखवले. त्यांनी तबकड्या तपासल्या, ठीक निघाल्या. मग म्हणाल्या, काका, चष्मा बदला. सगळे हसले. बापू चारचौघांत चिडले. मामा, मी शब्द टाकलाय, माझं नाक कापू नका म्हणाले. घरी मुलगीही तेच बोलली. भांडायचं त्राण नाही आता. आजपासून सगळीकडे चाळीस लिहितोय.

शनिवार, ८

चाळीस, चाळीस, चाळीस. बाई खूश. भार स्थिर आहे म्हणाल्या, मंगळवारी शेवटचा खांब कापू. करवत खुद्द बापू धरणार. काटे मात्र फिरतातच. आता इकडून तिकडे नाही, नुसते त्या खांबाभोवती. सातवा, आठवा, परत सातवा. झोप नाही. अंग मोडून आलंय.

सोमवार, १०

धीर करून वर गेलो. रिकामं. धुळीत पाऊलसुद्धा नाही. पण जमीन एका जागी बशीसारखी दबलेली. मी बघत असतानाच तिच्या पुढची जागा दबली — माझ्या बाजूची. कसा उतरलो आठवत नाही.

बापूंना खरं सांगायला गेलो. जीभ रेटेना. आकडे खोटे म्हटलं तर त्यांचीही नोकरी — मुलीला काय तोंड —

मंगळवार, ११

सकाळ. बाराही काटे शून्यावर. टेकूंवर भारच नाही. म्हणजे सगळं त्या एका खांबावर —

करवत सुरू. ओरडतोय, ऐकू जात नाही. दोरीच्या आत मला सोडत नाहीत. बापूंनी लांबून हात केला. हसले —

बापू, मोठ्या अक्षरांत लिहितोय, वही वर धरतो, वाचा. सगळे चाळीस खोटे. मी लिहिले. कापू नका. बाहेर या. बापू, तुमच्या डोक्यावरचं छत दब—