दहा मिनिटं ओलं

७ जून
लागली नोकरी! कॉल सेंटरच्या अख्ख्या सहाव्या मजल्याची सफाई आता माझ्या हाताखाली: सहा माणसं, एकशे बारा टेबलं. शाळा माझी तिसरीपर्यंतच. पण जंतू मारायच्या औषधाच्या डब्यावरची बारीक अक्षरं मला पाठ आहेत. इथल्या शिकलेल्यांनी ती वाचलेलीही नाहीत. आधी साबण, मग औषध, आणि औषध दहा मिनिटं ओलंच राहू द्यायचं. लगेच पुसलं तर जंतूंची नुसती अंघोळ होते. घरी एस्तेरचं एकच फुप्फुस धड आहे. बायकोपर्यंत मी काही नेणार नाही.

९ जून
बंद करून ठेवलेलं एक्केचाळीस नंबरचं टेबल आज सफाईला उघडलं. तिथली देलिया साथीत गेली, खुर्चीतच कोसळली. काचेवर पंजाचा ठसा होता. चार बोटं, करंगळी नाही. तिची लहानपणी दारात चेमटून गेली होती म्हणे. औषध मारलं, दहा मिनिटं थांबलो, पुसलं. गेला.
सुटल्यावर सगळे बेकरीत टेकायला निघाले. मयताच्या जागेवरून थेट घरी जायचं नाही; मागे लागलेलं वाटेतच उतरवायचं. मी म्हणालो, माझ्या औषधातून वाचेल असं काही अजून जन्मायचंय. आमच्यातली म्हातारी पासिता म्हणाली, मानोय सेल्मो, भुताला वाचता येतं होय तुमच्या डब्यावरचं? सगळे फिदीफिदी हसले. मी सरळ घरी आलो.

११ जून
घरी स्टीलच्या किटलीवर ठसा. चार बोटं. चार दिवसांचा शीण आहे, नजर चुकली असेल. तरीही पुसलं. दहा मिनिटं, घड्याळ लावून.

१४ जून
काल आरशावर. आज एस्तेरच्या पलंगाच्या दांडीवर. रोज एक पाऊल जवळ. ऑफिसातली काच मात्र लख्ख आहे. माझ्या हातांची सालं निघाली, खांदे उचलत नाहीत. एस्तेर खोकतेय. म्हणते, औषधाचा वास पुरे कर रे.

१६ जून
उशीवर —
पासिताला सांगितलं. ती हसली नाही. ज्यानं आणलं त्यानंच न्यावं, म्हणाली. नावानं बोलवा, बेकरीत बसवा, खायला घाला, आणि एकट्यानं उठून या.

१७ जून, दुपार
दारात म्हणालो, देलिया, चल. वाटभर पाठ गार. बेकरीत बसलोय. दोन पाव घेतले, एक समोर ठेवला. दहा मिनिटं झाली. टेबलाची काच कोरडी. उतरली बहुतेक. अंग गळून गेलंय, इथेच झोपावंसं —

एस्तेरला फोन केला. ती हसायलाच लागली. भिंतीकडे तोंड करून पडलीय म्हणे. म्हणाली, मागे बसून पाठ चोळतोयस आणि फोन कसला करतोस, सेल्मो? बरं वाटतंय रे. पण हात इतका ओला का? आणि करंगळी —

इथून घर दहा मिनिटं. दहा —